मिनिटाला सोळा थेंब

१० एप्रिल १९८९, सोमवार. चोपडा.

आले एकदाची. शिरपूरला गाडी बदलली तेव्हा ट्रंक टपावर चढवायला कंडक्टर तयार नव्हता. पण आज कुणावर चिडायचं नाही असं ठरवूनच घरून निघाले होते, त्यामुळे ट्रंक पायांशी घेऊन अवघडून बसले. आमच्या शिंदखेड्याकडे या दिवसांत रान नुसतं पांढरं पडलेलं असतं. चोपडा जवळ आलं तशा दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या, पाटाला पाणी दिसलं, आणि खिडकीतून चक्क गार झुळूक आली. शेजारच्या म्हातारीने विचारलं, माहेरी चाललीस की सासरी. मी म्हटलं, नोकरीला. तिने पिशवीतून एक केळं काढून माझ्या हातावर ठेवलं.

दवाखाना गावाबाहेर यावल रस्त्याला. डॉक्टरसाहेब पन्नाशीचे, पोटाची ऑपरेशनं करतात, हाताला यश आहे म्हणे. कागदपत्रं बघायच्या आधीच त्यांनी एक गणित टाकलं. पाचशे मिली सलाईन आठ तासांत द्यायचं, साधा सेट आहे, मिनिटाला किती थेंब? मी लगेच सोळा म्हटलं. ते हसले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून कंपाउंडरला म्हणाले की या वेळी शिकलेली सिस्टर मिळाली.

शिकलेली असणारच. धुळ्याला ट्रेनिंगमध्ये आमच्या ट्यूटरबाईंनी हे रक्तात उतरवलं. साध्या सेटचे पंधरा थेंब म्हणजे एक मिली. लहान मुलांच्या बारीक सेटचे साठ थेंब म्हणजे एक मिली. सेट बदलला की गणित बदललं. एवढं लक्षात ठेवलं तर तुमच्या हातून माणूस जाणार नाही, असं त्या म्हणायच्या.

खोली शेवंताबाईंच्या घरात मागच्या बाजूला मिळाली. एकट्याच असतात. मोठा माठ आहे, कडुनिंबाची सावली आहे. मला रत्ना म्हणायला त्यांनी पहिल्या तासातच सुरुवात केली. रत्नप्रभा अभिमन देसले एवढं लांब कोण म्हणणार.

१३ एप्रिल

बायकांचा आणि मुलांचा एकच वॉर्ड आहे, सहा खाटांचा, तो माझ्याकडे. दिवसपाळी. मदतीला बेबाबाई नावाच्या आया आहेत. गुडघे दुखतात, पण फरशी अशी पुसतात की तोंड दिसावं. औषधांचं कपाट कंपाउंडर रुपचंदच्या ताब्यात. सुई मागितली तरी तो कपाळाला आठ्या घालतो.

मी आल्याबरोबर एक पद्धत सुरू केली. प्रत्येक बाटलीला उभी चिकटपट्टी लावते आणि तिच्यावर खुणा करते, की या वेळेला पाणी इथवर उतरलं पाहिजे. म्हणजे येता जाता नुसती नजर टाकली तरी कळतं. रुपचंद म्हणाला, चिकटपट्टी फुकट येत नाही. डॉक्टरसाहेबांना मात्र आवडलं. राउंडला त्यांनी सगळ्या पट्ट्या कौतुकाने बघितल्या.

ऊन फार. दुपारी वॉर्डच्या खिडक्यांना ओलं तरट लावतात, ते अर्ध्या तासात खडखडीत होतं. जुलाब-उलट्यांचे पेशंट यायला लागलेत. आणखी येतील, असं बेबाबाई म्हणतात.

१७ एप्रिल

आज विनाकारण बोलणी खाल्ली. ते लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही.

धानोऱ्याच्या प्रमिलाबाई, वय तिशीचं, दोन दिवस जुलाब. खाट नंबर चार, खिडकीजवळची. सकाळी मी स्वतः बाटली लावली. डॉक्टरसाहेबांनी नेमकं तेच सांगितलं होतं, आठ तासांत पाचशे, म्हणजे सोळा थेंब. घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर मोजले. पट्टीवर खुणा केल्या. मग दोन नंबरच्या पोराची सुई निसटली होती ती बसवायला गेले. दहा मिनिटांत परत येते तर चारची बाटली रिकामी. हवेची सुई फुसफुस करत होती.

डॉक्टरसाहेब त्याच वेळी आत आले. त्यांनी बाटली बघितली, पट्टी बघितली आणि सगळ्यांसमोर विचारलं की हे सोळा थेंब आहेत का. एवढं पाणी एवढ्या वेळात गेलं तर ते फुप्फुसात भरतं, पेशंट बुडून मरतो, हे धुळ्याला शिकवत नाहीत का. मी म्हटलं, थेंब कमीजास्त करायचा नळीवरचा रोलर मी उघडलेला नाही. ते म्हणाले, मग भुताने उघडला असेल.

त्यांनी छाती तपासली. छाती स्वच्छ. पण मला दिसलं ते त्यांनी बघितलंच नाही. प्रमिलाबाईंच्या हाताची कातडी चिमटीत धरली तर ती तशीच उभी राहत होती. ओठ फुटलेले, जीभ लाकडासारखी. लघवी थेंबभर नाही. पाचशे मिली अंगात गेलेल्या बाईचं अंग असं कोरडं नसतं. मग गेलं कुठे? फरशी कोरडी, गादी कोरडी.

कुणाला विचारू? रुपचंद म्हणाला, होतं असं सुरुवातीला.

२० एप्रिल

पुन्हा चार नंबर. पुन्हा पुन्हा चार नंबर.

मी सेट तपासला. आधी रिकाम्या सिरिंजमध्ये थेंब सोडून मोजले, पंधराला बरोबर एक मिली. नवीन सेट लावला. बाटली बदलली. शेवटी आज दुपारी हातातली कामं बेबाबाईंना देऊन स्टूल घेतलं आणि खाटेसमोर बसून राहिले. थेंब सोळाच पडत होते. एकही जास्त नाही. आणि वर बाटलीतलं पाणी मात्र उतरत होतं, दिसेल असं, जसं कुणी नळी तोंडात धरून ओढावं. खालून सोळा थेंब जातात आणि वरून पेलाभर पाणी जातं. हे कुठल्या गणितात बसवायचं?

डॉक्टरसाहेबांना हात धरून आणायचं तेवढं बाकी ठेवलं. ते आले तोपर्यंत बाटली संपली होती. त्यांनी माझं घड्याळ मागून घेतलं, कानाला लावलं आणि म्हणाले की दुरुस्तीला टाका.

मी चिडून प्रमिलाबाईंना नुकत्याच मोकळ्या झालेल्या दोन नंबरवर हलवलं. तोच सेट, तेच सोळा थेंब. बाटली संध्याकाळपर्यंत पुरली. जाताना बघितलं तर त्यांची जीभ ओली होती आणि त्या घरी जायचं विचारत होत्या.

बेबाबाई फरशी पुसता पुसता माझ्याकडे न बघता बोलल्या, "त्या खाटले बाटली लावू नको वं बाई. ती पी जास."

कोण पिऊन जाते, असं विचारलं तर बादली उचलून चालत्या झाल्या. माझ्या घरीही अहिराणीच बोलतात, त्यामुळे मी चुकीचं ऐकलं असं म्हणायलाही जागा नाही.

२५ एप्रिल

आता रोज सकाळी मी डॉक्टरसाहेबांच्या टेबलासमोर उभी राहून प्रत्येक पेशंटचं गणित तोंडाने म्हणून दाखवायचं. बाहेरच्या बाकावर नातेवाईक बसलेले असतात. काल कुणाची तरी मुलगी माझ्याबरोबर म्हणायला लागली, पाढे म्हणावेत तसं.

रुपचंदने नवीन काढलंय, सिस्टर बाटल्या बादलीत ओतते. कशाला ओतेन मी?

चार नंबरची खाट बाहेर काढा, असं मी सांगितलं. डॉक्टरसाहेब म्हणाले की जुलाबाचे पेशंट जमिनीवर झोपवायची वेळ आली आहे आणि सिस्टरला खाट आवडत नाही. मी म्हटलं, मग निदान तिथे सलाईन नको असलेला पेशंट ठेवा. तर म्हणाले, तो आजकाल मिळतो कुठे.

घरी परत जावंसं वाटतं. पण गेले तर सगळे म्हणणार, गणित आलं नाही म्हणून पळाली.

२८ एप्रिल

आवाज ऐकला.

भर दुपारी. वॉर्ड शांत होता, सगळे उकाड्याने गळून पडलेले. चारवर लासूरच्या यशोदाबाई होत्या, वयस्क, थकलेल्या, कालच आल्या. त्या झोपल्या होत्या आणि त्यांचं तोंड मिटलेलं होतं. मी नाडी बघायला वाकले, तर उशीजवळ कुणीतरी पाणी पीत होतं. घटाघटा. उन्हातून आलेला माणूस तांब्या तोंडाला लावतो, मग मध्येच थांबून श्वास घेतो आणि परत पितो, तसं. माझ्या कानापासून वीतभर अंतरावर.

वर बघितलं तर बाटलीत बुडबुडे चढत होते.

मी बाटली काढली. काढली आणि पाच नंबरच्या स्टँडला नेऊन टांगली, नळी तेवढ्या लांब ओढली. आवाज थांबला. डॉक्टरसाहेबांनी येऊन ती परत जागेवर लावली आणि मला केबिनमध्ये बोलावून विचारलं की घरी काही त्रास आहे का, लग्नाचं काही चाललंय का.

१ मे

बेबाबाईंना आज मी सोडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मागच्या पायरीवर धरून बसवलं. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सांगितलं.

काही वर्षांमागे, अशाच मे महिन्यात, भिकुबाई नावाची बाई होती, सातपुड्याच्या पायथ्याची, नवरा नाही, मूलबाळ नाही, इथे जिनिंगमध्ये कापूस निवडायला यायची. आतड्याला पीळ पडला. तीन दिवस उलट्या काढल्या, मग बरोबरच्या बायकांनी आणून टाकली. डॉक्टरसाहेबांनी पहाटेच ऑपरेशन केलं आणि ते चांगलं झालं. तिला चार नंबरवर ठेवली. पोटाचं ऑपरेशन म्हणून तोंडाने पाणी बंद. ती दिवसभर एकच बोलत होती, "माले पानी दे वं माय, एकच घोट." सगळ्यांनी सांगितलं की वरून बाटली लावलीय, तिच्यातून पाणी मिळतंय तुला. मग ती बाटलीकडे बघत पडली. संध्याकाळी जीभ आत ओढली गेली. दिवेलागणीला गेली. डोळे बाटलीवरच होते, आणि बाटली अर्धीसुद्धा संपली नव्हती.

मी विचारलं, अर्धीसुद्धा कशी नाही? थेंब बंद पडले होते का? बेबाबाई म्हणाल्या, नाही, पडत होते की. बारीक बारीक, सुईच्या टोकाएवढे. पोरांना लावतात ती नळी होती.

 पायरीवर बसून मी बोटाने धुळीत गणित मांडलं. मुलांच्या सेटवर सोळा थेंब म्हणजे तासाला फक्त सोळा मिली. द्यायला हवं होतं तासाला साठाच्या वर. चौथा हिस्सा. तीन दिवस उलट्या करून सुकलेल्या बाईला, मेच्या उन्हात, तोंडाने पाणी बंद करून, चौथा हिस्सा. सेट बदलला आणि थेंब कुणी बदललेच नाहीत. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच पाणी मिळत नव्हतं.

२ मे

डॉक्टरसाहेबांना विचारलं. सरळ विचारलं. ते बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले की त्या दिवशी साधे सेट संपले होते, रुपचंदने मुलांचा दिला. मी सोळा लिहिलं होतं, त्या वेळच्या सिस्टरने सोळा ठेवले. जुनी गोष्ट आहे. तिच्यामागे विचारायला कुणी आलं नाही. प्रेतसुद्धा नगरपालिकेने नेलं.

मी म्हटलं, ती अजून पाणी पितेय.

ते म्हणाले, सिस्टर, तुम्ही दोन दिवस सुट्टी घ्या. मग आठवलं त्यांना, की वॉर्ड भरलाय, सुट्टी देता येत नाही.

५ मे

यशोदाबाई गेल्या. दुसरी खाट मोकळी झालीच नाही. अंगाला एकामागून एक बाटल्या लावल्या, सगळ्या संपल्या, आणि बाई वाळलेल्या शेंगेसारखी होऊन गेली. त्यांचा मुलगा कौतिक माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. ताई, एवढं पाणी दिलं तरी आई तहानेने कशी मेली? 

डॉक्टरसाहेबांनी त्याला सांगितलं, सिस्टर नवीन आहे, वेगाचं गणित चुकलं. मी शेजारीच उभी होते.

नाही चुकलं. माझं गणित एकदाही चुकलेलं नाही.

८ मे, आखाजी

घरून आबांचं पत्र आलं होतं, आखाजीला ये, झोका बांधलाय. सुट्टी मिळाली नाही. रस्त्याने पोरी गाणी म्हणत चालल्या होत्या आणि मी बेडपॅन घेऊन उभी.

मग ठरवलं. आमच्याकडे अक्षय तृतीयेला, म्हणजे आज, घरोघर गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. वर्षभर तहानलेला जीव आजच्या दिवशी पाणी पिऊन तृप्त होतो, असं आजी सांगायची. भिकुबाईची घागर कोण भरणार? कुणी भरलीच नसेल. एवढंच हवं असेल तिला, तर एवढंच देऊ. यशोदाबाई गेल्यापासून त्या खाटेवर झोपायला कुणी तयार नव्हतं, ती रिकामीच होती. दुपारी मी नवी मातीची घागर आणली, काठोकाठ भरली, वर पाण्याचं लोटकं ठेवलं, डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, शेवंताबाईंनी दिलेली सांजोरी ठेवली. चार नंबरच्या उशाशी मांडलं आणि हळूच म्हटलं, भिकुबाई, तुमच्या नावाने भरलीय, प्या.

लोटक्यातलं पाणी आटलं. माझ्या डोळ्यांसमोर. मग घागरीतलंही. मी घाबरले नाही, खरं सांगायचं तर मला रडू आलं.

तेवढ्यात बेबाबाई आत आल्या. घागर बघून दारातच थबकल्या. त्यांनी मला काय म्हटलं ते शब्दाला शब्द लिहून ठेवते. "घागर घरना मानसे भरतस. तू भरी टाकी. आते ती तुनी शे."

म्हणजे घागर घरच्यांनी भरायची, मी भरली, तर आता ती माझी. मला राग आला. इतकी वर्षं तुम्ही कुणी थेंबभर दिलं नाहीत आणि मी दिलं तर मला ऐकवता. त्यांनी फरशी पुसायला फडकं भिजवलं आणि माझ्यापासून लांबून पुसत गेल्या.

१० मे

चार नंबरला आज नवीन पेशंट. सोळा थेंब. बाटली खुणेला खूण धरून उतरली. राउंडला डॉक्टरसाहेब म्हणाले, बघा, लक्ष दिलं की जमतं.  त्यांना काय सांगू.

आवाज नाही. काही नाही. तिथून ती गेली.

फार तहान लागते आज. ऊनच तसं आहे.

१२ मे

शेवंताबाई विचारत होत्या, बठ्ठा माठ पी गयी का वं? सकाळीच भरलेला अख्खा माठ कोरडा होता. मी तीन-चार तांबे प्यायले असतील, एवढे नाही.

पोट डब्ब होतं आणि घसा कोरडाच. तोंडात थुंकी नाही.

१३ मे

दुपारी माठापाशी उभी होते. तांब्या तोंडापासून काढला, खाली ठेवला, आणि घटाघटा आवाज चालूच राहिला.

माझ्या मागे कुणी नव्हतं. आवाज माझ्या गळ्यातून येत होता.

१४ मे

हाताची कातडी चिमटीत धरून बघितली. तशीच उभी राहते. सकाळपासून लघवी नाही. किती पाणी प्यायले ते मोजत होते, मग मोजणं सोडलं. मोजून काय होणार, हिशेब लागत नाही, सगळं आत जातं आणि मला पोचत नाही —

बेबाबाईंच्या घरी गेले. दार उघडलं नाही. आतून म्हणाल्या, घरी जा, गावाला जा, तुझ्या माणसांत. तिथे घेऊन जाऊ हिला? आई आहे तिथे, आबा आहेत.

नाही जायचं.

१६ मे

वॉर्डात चक्कर आली. आता पेशंट म्हणून पडलेय, पाच नंबरवर. जळगावहून तात्पुरती सिस्टर बोलावलीय, चांगली मुलगी आहे, माझ्यापेक्षा लहान. डॉक्टरसाहेब स्वतः बाटली लावायला आले.  आता त्यांनी डोळ्यांनी बघितलं. बाटली उतरताना. लावल्या लावल्या. त्यांनी रोलर बंद केला, उघडला, परत बंद केला. बंद असूनही उतरत होती.

मी म्हटलं, सांगत होते ना.

ते बाहेर गेले ते आलेच नाहीत.

१७ मे

आबांना तार केलीय म्हणे. नको होती करायला.

बाटल्या लावतात. संपतात. जीभ टाळूला चिकटते, सिस्टर ओल्या कापसाने सोडवते. पेन्सिल धरवत नाही नीट.

ती बोलत नाही माझ्याशी. काही मागत नाही, त्रास देत नाही. नुसती पिते. मला तिचा राग येत नाही आता — तहान काय असते ते —

१८ मे सकाळ

सहा नंबरवर लहान मुलगी आणलीय. मोतीलाल नावाच्या कुणा शेतकऱ्याची, दोन वर्षांची. जुलाब. डोळे खोल गेलेत. आई खाटेच्या कडेला बसून आहे. सिस्टरने मुलांचा सेट लावला, गणित मनात करत होती, ओठ हलत होते. तिचे थेंब मी इथून मोजले. बरोबर आहेत. एकदम बरोबर.

१८ मे

थोड्या वेळापूर्वी — बरं वाटलं. पहिल्यांदा. जीभ सुटली. घशाखाली गार काहीतरी उतरलं. खारट. सलाईनची चव.

माझी बाटली रिकामीच टांगलीय. अजून बदललेली नाही.

सहाची बघितली. पोरीची. पट्टी लावलेली नाही, पण दिसतंय, उतरतेय. भराभर.

मी काही करत नाहीये. मी नुसती पडलेय —

सिस्टर धावत आली. रोलर बघते, घड्याळ बघते. आता तिला बोलतील. तुझं गणित चुकलं म्हणतील. मुलगी रडेनाशी झालीय. आई तिचे गाल हलवतेय.

सिस्टरला सांगायला हवं. माझी खाट बाहेर काढा, उन्हात टाका, कुठेही टाका, पण पोरीपासून लांब. आता आवाज फुटेल, घसा ओला झालाय. सांगते. दुसरी बाटली लावतायत तिला. भरलेली आहे, काठोकाठ. एकच घोट, मग सांगतेच, की ही खाट —